देशाची दोन अक्षरं

आबा तांडेलांचं नाव आधी लिहिते. माई होत्या, संजूदादा होता, माईंच्या मुलानं लिहून दिलेली निळ्या पुठ्ठ्याची वही होती. ज्याला जमलं त्यानं तेवढं केलं. पण आबा नसते तर आईशी माझं शेवटचं बोलणं झालंच नसतं. एवढं एक वाक्य कागदावर आलं की पुढचं सांगायला हात थोडा मोकळा होतो. मी मुळातच घाबरट. काही सांगायला बसले की आधी धडधड, मग पाणी पिऊन येणं, मग दाराची कडी लागली का ते बघून येणं. आठवीत शाळा सुटली, लिहायची सवय नाही. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्यावं.

आईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळं बोलताही येत नव्हतं. आमचं गाव नांदेडच्याही पलीकडं, आंध्राच्या सीमेला. गावात तिला मुकी म्हणत, पण तिचे हात दिवसभर बोलत असायचे. ते बोलणं तिनं आणि मी मिळून केलेलं. भाकरी म्हणजे दोन तळव्यांची थाप, ताप म्हणजे कपाळावर उलटा हात. बाप म्हणजे मिशी. तो वारल्यावर मिशी दाखवून ती हात खाली सोडून द्यायची. मी म्हणजे डाव्या कानाची पाळी. लहानपणी बाजारात माझं एक डूल हरवलं आणि उरलेलं मी काढू देईना. वर्षभर एकाच कानात डूल घालून हिंडले, तेव्हापासून आईनं पाळी धरली की ती मला हाक. गिरणीत, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात तिचं म्हणणं लोकांना मी सांगायची आणि लोकांचं तिला. शाळा सुटली ती त्यातच. पुढं चुलतभाऊ मालवण डेपोला कंडक्टर म्हणून लागला आणि तारकर्लीला एका बाईंकडं पाहुण्यांच्या खोल्यांवर काम आहे, असं सांगत आला. आईनंच माझी पिशवी भरली. जा, जा, असा हात हलवत ती एसटीच्या मागं थोडी चाललीसुद्धा. मी गेले म्हणजे तिचं अर्धं बोलणं गावातून गेलं, हे त्या वयात मला सुचलं नाही. तिला सुचलं असणार. तिनं ते हातावर येऊ दिलं नाही.

माईंचं घर समुद्रापासून एवढं जवळ की झोपल्यावर लाट उशीखाली फुटल्यासारखी वाटायची. घरासमोर खळं म्हणजे सारवलेलं अंगण, मागं माडांची रांग, माडांखाली पाहुण्यांच्या चार खोल्या. माई विधवा, ठेंगण्या, तोंडानं फटकळ. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढं उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा ठेवला. मी ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाऊन वाढलेली. वासानंच मी ताट थोडं लांब सारलं. माई म्हणाल्या, "खा गो. ह्या घरात मासो खाणार नाय तेका पावणे समजतत, आणि पावण्यांकडना आम्ही भाड्याचे पैसे घेतो." मी नाक दाबून खाल्लं. महिन्याभरात तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या कढीचा वास आला की माझे पाय आपोआप चुलीकडं वळायला लागले. सुरूच्या बनातून वारा सुटला की एक लांबट हुंकार यायचा. सुरुवातीला मला वाटायचं, कुणीतरी रडतंय. आई झोपेत तसा आवाज काढायची.

तिकडची एक रीत मला फार लवकर कळली. दुकानात, एसटीत, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून टाकलेलं मोठं जाळं, ओढायला जमलेल्या बायकांत, कुणीही भेटलं की पहिला प्रश्न एकच. "गाव खंयचो तुझो?" कुठं राहतेस, काय करतेस, हे सगळं नंतर. चाळीस वर्षं मुंबईत काढलेला माणूससुद्धा गणपतीला आला की ताठ मानेनं म्हणायचा, गाव तारकर्ली. मी एकदा गंमत म्हणून सांगितलं, गाव तारकर्लीच, माईंकडं असते. माई ताडकन म्हणाल्या, "हयसर तू रवतंस. गाव तुझो नाय हो. माणसान गाव बदलूचो नाय, घर बदलूचां." मला राग नाही आला. उलट बरं वाटलं. माझं गाव माझ्यापासून कुणी घेऊ शकत नाही, असं त्यात काहीतरी होतं. ते मी मनात घट्ट धरून ठेवलं. आणि तेच पुढं माझ्या चुकीच्या मुळाशी होतं.

माईंचा मुलगा प्रसाद अमेरिकेत होता. एका मे महिन्यात येताना त्यानं आपला जुना लॅपटॉप माईंसाठी आणला. खोल्यांचं बुकिंग आता ईमेलवर येतं म्हणाला. त्यात लिनक्स होतं. फुकट असतं आणि जुन्या यंत्रावरही धावतं, एवढंच त्यानं आम्हाला सांगितलं. माईंनी त्या यंत्राला हात लावायचं साफ नाकारलं, म्हणून शिकवणं माझ्यावर आलं. आठ दिवस तो मला घेऊन बसायचा. इंग्रजी मला यथातथाच, म्हणून त्यानं प्रत्येक आज्ञा निळ्या वहीत आधी इंग्रजीत आणि खाली देवनागरीत लिहून दिली. बऱ्याच आज्ञांच्या आधी 'सुडो' लिहावं लागे. मालकाची परवानगी घेतल्यासारखं ते. मी पुटपुटत टाइप करायची आणि माई चुलीपाशी बसून विचारायच्या, "आज कोणावर सूड घेतंस गो?"

इंटरनेटची तार मात्र माईंच्या घरात नव्हती. ती शेजारच्या आबा तांडेलांकडं होती. दोन घरांमध्ये चिऱ्यांचा कंबरेएवढा गडगा, पलीकडं आबांची पडवी, पडवीच्या खिडकीत दिवे लुकलुकणारी वायफायची पेटी. आबांची लेक परदेशात असायची, तिनं ती पेटी बसवून दिलेली. आबा एकटे, सत्तरीला टेकलेले. आयुष्यभर मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. वायरलेसवरून दूरच्या बंदरांशी बोटांनी टकटक करून बोलायचं, हे त्यांचं काम. कानांवर सतत हेडफोन, त्यानं कान निम्मे गेलेले. ते मोठ्यानं बोलायचे आणि समोरच्यानंही मोठ्यानं बोलावं म्हणायचे.

त्या लॅपटॉपच्या कपाळावर एक बारीकसा कॅमेरा होता. तो दिसला त्या दिवशी मी प्रसाददादाला विचारलं, यात दोन माणसं एकमेकांना बघू शकतात? हो म्हणाला. मला जेवण गेलं नाही त्या दिवशी. आमच्या तालुक्याच्या गावात ओळखीच्या संजूदादाचं इंटरनेट कॅफे होतं. दर रविवारी बाजाराच्या गाडीनं आई तिथं यायची आणि चार वाजता संजूदादा तिला पडद्यासमोर बसवायचा. फोन आमच्या काय कामाचा होता? पहिल्या रविवारी ती पडद्याच्या मागं जाऊन बघून आली, मी तिथं लपले का म्हणून. मग बसली आणि पाळी धरली. मी इकडं रडत होते आणि ती दोन तळव्यांची थाप दाखवून विचारत होती, भाकरी खाल्लीस का. समुद्र कसा सांगायचा ते मला कळेना. विहिरीची खूण केली आणि हात लांब लांब पसरत गेले. तिनं विचारलं, मोट कुठं लावतात? लावतच नाहीत म्हटल्यावर तिला ती विहीर अगदीच बिनकामाची वाटली.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला लॅपटॉप बंद पडला. प्रसाददादानं पाठवलेल्या सीडीवरून, वही समोर ठेवून, मी एकटीनं सगळं पुन्हा चढवलं. दोन दिवस लागले. शेवटच्या पानावर वायरलेसचं होतं. तिथं त्यानं लिहिलं होतं, 'इथे देशाची दोन अक्षरं लिही.' मी थांबले. कुठल्या देशाची? मग माझं मलाच हसू आलं. हे काय विचारायचं झालं? यंत्र अमेरिकेहून आलेलं, त्याचं गाव तेच. तारकर्लीला ते राहतं, माझ्यासारखं. मी यू एस लिहिलं. हे लिहिताना मला त्या यंत्राबद्दल माया वाटली होती, हे आज सांगायला लाज वाटते. त्याचं गाव मी त्याला परत दिलं असं वाटलं होतं.

त्यानंतर वायफाय लहरी झालं. चार दिवस नीट चालायचं, मग वीज जाऊन आली की कधी दिसायचं, कधी आबांच्या पेटीचं नावच पडद्यावर उमटायचं नाही. पावसात वीज तर रोजचीच जाणारी. मी हवेला दोष दिला, माडांना दिला, गडग्याला दिला. पुन्हा वीज गेली की कधीतरी आपोआप यायचं, म्हणून मुळाशी गेले नाही. तार जोडायची सोय होती ती खाऱ्या हवेनं गंजून गेलेली. पावसाळ्यात खोल्याही रिकाम्या, त्यामुळं दोष कुणाचा ते ताडून बघायला दुसरं कुणाचं यंत्र आसपास नाही.

श्रावणाच्या आधी संजूदादाचा फोन आला. आईच्या हृदयाचं काहीतरी निघालं होतं. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं, मंगळवारी दाखल करायचं, सोमवारी संध्याकाळच्या गाडीनं निघायचं. मी तेव्हाच निघाले असते, पण घाटात दरड आलेली, गाड्या बंद. चुलतभाऊ म्हणाला, मंगळवारपर्यंत रस्ता सुटेल, तेव्हा बसवून देतो. आईनं संजूदादाला पाळी धरून दाखवली आणि पडद्याकडं बोट केलं. पोरीशी बोलल्याशिवाय जाणार नाही. रविवारी चार वाजता, असं ठरलं.

शनिवारच्या वादळात वीज गेली ती रविवारी दुपारी आली. मी तीनलाच बसले. आबांच्या पेटीचं नाव नाही. आबा आदल्या दिवशी विजयदुर्गला बहिणीकडं गेलेले, त्यांची किल्ली माईंकडं होती. मी गडगा ओलांडून गेले. पेटीचे दिवे नीट लुकलुकत होते. दोनदा बंद करून चालू केली. लॅपटॉप उचलून पेटीला चिकटवून ठेवला. आंधळ्यापुढं आरसा धरावा तसं झालं. वहीतल्या सगळ्या आज्ञा पहिल्यापासून दिल्या. चार वाजले, साडेचार झाले. माईंच्या मोबाइलवरून मी संजूदादाला लावलं. तो म्हणाला, "मावशी बसल्यात. पडद्याकडं बघतायत. मी काय सांगू त्यांना? मला हातानं सांगता येत नाही गं."

मी म्हटलं, नेट बंद आहे म्हणून सांग. आणि मग आठवलं, नेट बंद याला आमच्याकडं खूणच नव्हती. आम्ही ती कधी केलीच नव्हती.

आई सात वाजेपर्यंत बसली. बाजाराची गाडी गेली. संजूदादानं चहा-बिस्किट पुढं ठेवलं, तिनं ते बाजूला सारलं आणि काचेवर हात फिरवून पाहिला, धूळ बसली असेल म्हणून. हे त्यानं मला नंतर सांगितलं. सांगायला नको होतं, असं कधी कधी वाटतं. त्या रात्री ती त्याच्या घरी राहिली, पण जेवली नाही. दवाखान्यात जायचं खुणेनं सुचवलं की हात मांडीखाली दाबून बसायची. हात दाबून बसणं म्हणजे तिचं बोलणं संपलं.

सोमवारी सकाळी अकराच्या एसटीनं आबा आले. मी गडग्यापाशीच उभी होते. त्यांनी छत्री मिटली आणि माझ्याकडं बघितलं. "काय गो चेडवा, डोळे कित्याक सुजले?" मी एका दमात रडायला आणि सांगायला लागले. आबा ओरडले, "आधी रडान घे, मगे सांग. नायतर आधी सांग, मगे रड. दोनय एकदम केलंस तर ह्या कानांक काय्येक कळाचां नाय."

मी आधी सांगितलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, पायसुद्धा धुतले नाहीत. "माका तुझां लिनक्स-बिनक्स येणा नाय. पण वायरलेस येता. वही हाड." मी धावत जाऊन वही आणली. पडवीत बसून एकेक ओळ वाचत गेले आणि काय टाइप केलं ते सांगत गेले. आबा डोळे मिटून ऐकत होते, बोटं गुडघ्यावर टकटक करत होती. माई गडग्यापलीकडून म्हणाल्या, "आबा, च्या तरी घेवा." आबांनी नुसता हात वर केला. शेवटच्या पानाशी आले.

"देशाची दोन अक्षरां. काय लिवलंस?"

"यू एस."

त्यांनी डोळे उघडले. "कित्याक?"

"लॅपटॉप तिकडचा ना, आबा. त्याचं गाव तेच."

आबा हसायला लागले, आणि माझं तोंड बघून थांबले. मग आवाज खाली आणून, त्यांच्या मानानं फारच हळू, म्हणाले, "अगो बाय, तेणी गाव नाय इचारल्यान. तू आता खंय आसस, तां इचारल्यान."

मला कळलं नाही. ते म्हणाले, "प्रत्येक देशाची हवा वेगळी वाटलेली आसता. ह्या आकड्यार बोलूचां, त्या आकड्यार नाय. आमचां जहाज दुसऱ्या देशाच्या पाण्यात शिरलां की तेंच्या कायद्यान बोलूक लागायचां. मी मालवणचो, म्हणान थंय मालवणच्या कायद्यान बोलाक गेलंय आसतंय तर कप्तानान माका दर्यात ढकलल्यान आसतो. ह्यो तुझो लॅपटॉप बापडो प्रामाणिक. तेका सांगलंस अमेरिकेत आसस. थंय जो आकडो चलणा नाय, तो हो ऐकणारच नाय. पेटी बोंबालता, आणि हो कान झाकून बसलो."

"मग कधी कधी कसं चालायचं?"

"वीज इली की पेटी आपलो आकडो परत निवडता. थंय चलणारो निवडल्यान तर तुझां नशीब."

घाईत सुडोसुद्धा दोनदा चुकलं. आबांनी माझ्या हातावर हात ठेवला नाही, काही नाही, नुसते म्हणाले, "सावकाश. संदेश जाता तो सावकाश हातान." मी आय एन लिहिलं. यंत्राला आजूबाजूचं ऐक म्हणून सांगितलं. एक ओळ आली, 'तांडेल'. तिच्यापुढं चॅनलचा आकडा होता, तेरा. अमेरिकेत अकराच्या पुढं दार बंद असतं, हे मला बऱ्याच वर्षांनी एका पुस्तकात वाचायला मिळालं. आबांना ते तेव्हा माहीत नव्हतं. नुसत्या अंदाजानं, आयुष्यभराच्या सवयीनं त्यांनी ते ओळखलं होतं.

संजूदादाला फोन केला आणि दोन वाजता आई पडद्यावर आली. मी पाळी धरली. तिचे हात मांडीखालीच होते. माझा चेहरा बघून तिनं एक हात बाहेर काढला. भाकरी? मी म्हटलं, खाल्ली. मासा. तिनं नाक मुरडलं आणि हसली. काल काय झालं ते मला सांगता येईना. यंत्र बहिरं झालं होतं, एवढंच मी दाखवू शकले. पडद्याकडं बोट आणि कानावर हात. तिला ते पटलं. बहिरेपण तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं पडद्याच्या कडेला थोपटलं, जाऊ दे म्हणून. मागं आबा दिसले तशी तिनं घाईनं पदर डोक्यावर घेतला. आबांनी ताठ उभं राहून सलाम केला. हा कोण, तिनं विचारलं. माझ्याकडं आबांची खूण नव्हती. मी टेबलावर बोटानं टकटक करून दाखवली. तिनंही टकटक केली, आणि आबांनी एवढ्या लांबून तिला मान डोलावली. मग मी घाबरल्याची खूण केली, छातीवर मूठ. तिनं मान हलवली. माझ्याकडं बोट करून मूठ दाखवली, स्वतःकडं बोट करून उघडा तळहात. घाबरतेस तू, मी नाही. वीसेक मिनिटं असतील. शेवटी तिनं कानाची पाळी धरली आणि संजूदादा यंत्र बंद करेपर्यंत सोडली नाही.

संध्याकाळच्या गाडीनं ती निघाली. मंगळवारी सुटणारा रस्ता शुक्रवारी सुटला, तशी मीही निघाले, वाट वाकडी करत, गाड्या बदलत. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ती गेली. मी पोचले तेव्हा तिला घरी आणलं होतं. तिचे हात बायकांनी छातीवर नीट जुळवून ठेवले होते. ते तसे गप्प ठेवलेले मला बघवेनात.

रविवारचे ते तीन तास माझेच. त्याला वीज, वादळ, कुणी कारण नाही. दोन अक्षरं मी लिहिली होती. आताची यंत्रं आपण कुठं आहोत ते आपलं आपण ओळखतात, कुणाला विचारत नाहीत. मी पुण्याजवळ संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान चालवते, आणि अजूनही एखाद्या जुन्या यंत्रात देश विचारला की माझी बोटं क्षणभर थांबतात. मला कुणी गाव विचारलं तर मी आईचंच गाव सांगते. पण मी आहे कुठं, हेही आता त्याला जोडून सांगते.

मागच्या महिन्यात माईंचा फोन आला. थकल्यात, पण फटकळपणा तसाच. म्हणाल्या, आबांचे कान आता पुरते गेले. लेक फोन करते तर नुसता धरून बसतात. कानाचं मशीन लावलं तर काढून फेकतात. दिवसदिवस पडवीत बसतात, बोटं गुडघ्यावर चालू असतात, कोणाशी बोलतात कळत नाही.

मला कळतं. आबा, मी येते. या पावसाळ्याच्या आत येते, दुकान बंद ठेवून येते. तुमच्या पडवीत समोरासमोर बसू. तळव्यांची थाप म्हणजे भाकरी, इथून सुरू करू. विहीर, मिशी, मूठ, उघडा तळहात, सगळं शिकवते. तुमच्या लेकीलाही पडद्यावरून शिकवते, म्हणजे फोन नुसता धरून बसावं लागणार नाही. नेट बंद याची खूणसुद्धा मी आता करून ठेवली आहे. तुमचं नाव आईनं त्या दिवशी टेबलावर वाजवलं होतं, तेच ठेवू. आणि आल्याबरोबर मी पाळी धरेन, तेव्हा समजा, मी आलेय.